सन १८९७ चे एक क्षमापत्र

सन २०१८ च्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस धुळे जिल्ह्यातील राईनपाडा ह्या लहानशा गावी आठवड्याचा बाजार भरला असता नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांस जमावाने ठार मारले. मुले पळविणाऱ्यांच्या टोळ्या फिरत आहेत, असा मजकूर व्हॉट्सॲपवरून हातोहात चालला होता. मूळ लिहिणारा कोण, हे वाचणाऱ्यांस ठाऊक नव्हते आणि कोणी विचारलेही नाही. त्याच महिन्यात त्या कंपनीने, भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येऊ नये, अशी मर्यादा घातली. हे संकट नव्या यंत्राने आणले, असे पुष्कळांस वाटते. यंत्र नवे खरे. परंतु महाराष्ट्राने हाच प्रकार पूर्वी एकदा, नुसत्या तोंडी बोलण्यावर आणि टपालाच्या पत्रांवर चाललेला पाहिला आहे, आणि त्यात एका अत्यंत सत्यनिष्ठ पुरुषाचा पाय गुंतला होता.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगाचा रोगी ओळखला. रोगाच्या पाठोपाठ अफवाही शहरात शिरल्या. इस्पितळात रोग्यांस मारून त्यांच्या अंगची मोमियाई काढतात, अशी एक. ऑक्टोबरात राणीच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले होते, त्याचा सूड म्हणून राणीने रयतेची काळजे मागविली आहेत, अशी दुसरी. आज ह्याचे हसू येते. परंतु २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, ते हसण्यासाठी नव्हे. ह्या अफवांत खरेपणाचा एक कण होता, हे विसरून चालणार नाही. लोक आपला माणूस अगदी शेवटच्या घटकेपर्यंत घरात लपवीत, मग तो इस्पितळात जाई, आणि परत येत नसे.

पुण्यास प्रकरण ह्याहून बिकट झाले. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि रँडसाहेबाच्या कमिटीने मार्चपासून घरझडतीच्या कामी गोऱ्या सोल्जरांस लावले. सोल्जर देवघरापर्यंत आणि माजघरापर्यंत जात, संशयित रोग्यास इस्पितळात व घरच्या माणसांस छावणीत नेत, चीजवस्तू जाळीत. ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्या पत्रांतून तक्रारींचा पाऊस पडला. सरकार त्या तक्रारी अतिशयोक्तीच्या समजे, आणि लोक सरकारचा प्रत्येक खुलासा खोटा समजत. अशा स्थितीत खरी बातमी व कंडी ह्यांतील भेद दोहोंकडूनही पुसला जातो.

ह्याच वेळी गोपाळ कृष्ण गोखले इंग्लंडात होते. वेल्बी कमिशनपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या खर्चाविषयी दिलेली साक्ष उत्तम वठली होती. वय अवघे एकतीस. पुण्याहून मित्रांची पत्रे येत, त्यांत झडतीच्या हकिकती असत. सोल्जरांनी दोन स्त्रियांवर बलात्कार केला व त्यांपैकी एकीने जीव दिला, ही त्यांतलीच एक. गोखल्यांनी ती ‘मँचेस्टर गार्डियन’ ह्या वजनदार पत्रास जुलैच्या आरंभी सांगितली आणि ती छापून आली. लिहिणारे विश्वासू होते, ह्यापलीकडे त्यांच्याजवळ आधार नव्हता. व्हॉट्सॲपच्या संदेशावर माणूस विश्वास ठेवतो तोही बहुधा ह्याच कारणाने: धाडणारा आपल्या नात्यातला किंवा ओळखीचा असतो, आणि बातमीची पारख करण्याऐवजी आपण माणसाची पारख करतो.

पार्लमेंटात प्रश्न निघाला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोपाचा साफ इन्कार केला. इकडे पुण्यात तर आकाशच कोसळले होते. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांवर गोळ्या झाडल्या. नातू बंधूंस चौकशीवाचून अटकेत टाकण्यात आले. २७ जुलैस टिळकांस राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले. जुलैअखेर गोखले मुंबई बंदरात आले तेव्हा पोलिसांचे अधिकारी बोटीवरच त्यांस भेटले. पत्रे लिहिणारे मित्र पुढे येण्यास तयार नव्हते, आणि अशा दिवसांत ते तयार व्हावे तरी कसे?

गोखल्यांपुढे दोन वाटा होत्या. लिहिणारांची नावे सांगून स्वतः मोकळे व्हावे, किंवा सारा दोष आपल्या अंगावर घ्यावा. न्यायमूर्ती रानड्यांच्या सल्ल्याने त्यांनी दुसरी वाट धरली. आपणास आरोप सिद्ध करता येत नाहीत, असे कबूल करून त्यांनी गव्हर्नर, कमिटी व सोल्जर ह्या सर्वांची बिनशर्त माफी मागितली आणि ती वर्तमानपत्रांत छापविली. इंग्रजी पत्रांनी त्यांची छी-थू केली. स्वकीयांनी त्यांस भित्रा म्हटले. भित्रा मनुष्य पहिली वाट धरता, एवढे त्या टीकाकारांच्या ध्यानात आले नाही. चूक मात्र झालीच होती. साक्षीवाचून एवढा मोठा आरोप परक्या देशात करणे हे गोखल्यांसारख्या काटेकोर माणसास शोभले नाही. उलटपक्षी, आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तो खोटाच होता, असेही कोणास ठामपणे म्हणता येणार नाही. ज्या सरकारने पुरावा मागितला, त्यानेच साक्षीदारांचे तोंड भीतीने शिवून टाकले होते.

मूळ लिहिणारा कोण, हा प्रश्न १२४ वर्षांनी पुन्हा उभा राहिला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांवर, ठराविक गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत अधिकृत आदेश आल्यास, संदेशाचा पहिला कर्ता शोधून देण्याचे बंधन घातले. व्हॉट्सॲपने त्यास दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. सर्वांचे खाजगीपण मोडल्यावाचून हे होणे नाही, असे त्या कंपनीचे म्हणणे. राईनपाड्याचे पाच मृतदेह डोळ्यांपुढे ठेवले तर सरकारचे म्हणणे पटते, आणि १८९७ चे पुणे डोळ्यांपुढे आणले तर मन कचरते. फरक आहे तो एवढाच की, गोखल्यांच्या बातमीखाली सही करणारा एक मनुष्य होता, जो उत्तर द्यावयास बंदरावर उतरला. हजारो हातांतून गेलेल्या मजकुराखाली तशी सही कोणाचीच नसते. पुढे धाडणारा प्रत्येक जण स्वतःस केवळ टपालवाला समजतो.

क्षमापत्रानंतर गोखले घरी बसले नाहीत. पुण्यास प्लेग पुन्हा उसळला तेव्हा ते स्वयंसेवक जमवून रोग्यांच्या शुश्रूषेच्या कामी उतरले, आणि १८९९ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी ते वारले. ती पत्रे धाडणाऱ्या मित्रांची नावे त्यांनी अखेरपर्यंत जाहीर केली नाहीत.