मल्लखांब आणि सप्तशृंगीचा दृष्टांत

मल्लखांबाची विद्या कोणी काढली, असा प्रश्न तालमींतील कोणासहि केला, तर ‘बाळंभटदादा देवधर’ हें एकच उत्तर मिळतें. या उत्तरामागें नाशिक जिल्ह्यांतील एक कथा आहे. उलटपक्षीं, खांबावरील मेहनतीचा उल्लेख बाळंभटांच्या पूर्वीं साडेसहाशें वर्षांहून अधिक काळ आधीं लिहिलेल्या ग्रंथांत सांपडतो. तेव्हां कथा खरी मानावी कीं ग्रंथ, असा पेंच पडतो. आमच्या मतें हीं दोन साधनें दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात, व त्यांची गल्लत झाल्यामुळेंच हा पेंच उत्पन्न झाला आहे.

प्रथम कथा पाहूं. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत (इ. स. १७९६ ते १८१८) निजामाच्या राज्यांतून अली व गुलाब असे दोन नामांकित पैलवान पुण्यास आले व त्यांनीं ‘जोड द्या, नाहीं तर जयपत्र द्या’ अशी मागणी केली. दरबारांतील कोणी मल्ल पुढें येईना, तेव्हां बाळंभट नांवाच्या तरुणानें विडा उचलला, पण तयारीस मुदत मागून घेतली. हे बाळंभट निफाड तालुक्यांतील गोदाकांठच्या कोठुरे गांवचे, असें परंपरा सांगते. ते वणीच्या सप्तशृंगीगडावर जाऊन अनुष्ठानास बसले. देवीच्या प्रसादानें मारुतीनें वानररूपानें दर्शन देऊन खांबावरील पकडी करून दाखविल्या. तो अभ्यास करून ते पुण्यास परतले व त्यांनीं गुलाबास चीत केलें. अलीनें मग लढण्याचें नाकारलें.

आतां ग्रंथाकडे वळूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यास ‘भूलोकमल्ल’ असें बिरुद होतें. त्याचा मानसोल्लास शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमाराचा. त्यांत राजाच्या वीस विनोदांचें वर्णन असून मल्लविनोद हा त्यांपैकीं एक आहे. तेथें मल्लांनीं करावयाच्या श्रमांत भार उचलणें, चालणें, पोहणें व बाहूंची मेहनत यांच्या जोडीस स्तंभश्रम सांगितला आहे. गुजरातेंतील जेठीमल्लांचें मल्लपुराण १९६४ सालीं बडोद्यास छापून निघालें. त्यांतहि स्तंभश्रम आहे. म्हणजे खांब जुना, याविषयीं शंका नको.

परंतु या ग्रंथांत खांबाचें स्थान काय, हें पाहिलें पाहिजे. तेथें तो पैलवानाच्या अनेक मेहनतींपैकीं एक आहे. कुस्तीचें अंग आहे, स्वतंत्र विद्या नव्हे. आजचा मल्लखांब तसा नाहीं. सागवानी किंवा शिसवी लांकडाचा, बुंध्याशीं जाड व वर निमुळता होत जाणारा, बोंड, मान व अंग असे भाग असलेला, एरंडेल चोळलेला हा खांब जमिनीवर सुमारें साडेआठ फूट उंच असतो. त्यावरील अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, उतरती हे प्रकार शिकण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रतिस्पर्धी समोर नसतांहि हा खेळ आपल्या परीनें पूर्ण होतो. उपासाधनापासून विद्येपर्यंतचें हें स्थित्यंतर कोणाच्या तरी हातून व्हावयास हवें होतें, आणि परंपरा एकमुखानें बाळंभटांचें नांव घेते.

या दृष्टीनें दृष्टांताची कथा पुन्हां वाचावी. दृष्टांत हा इतिहासाचा पुरावा नव्हे. तथापि कथेंतील एक गोष्ट दुर्लक्षण्याजोगी नाहीं : बाळंभट गडावर एकटे आहेत. कुस्तीस जोडीदार लागतो; डोंगरावर तो कोठला? तेथें खांब हाच जोडीदार. त्यास मिठी मारावी, पायांनीं आंवळावा, मान धरावी. तो हलत नाहीं, दमत नाहीं, दया करीत नाहीं. एकट्या माणसानें शरीर कसें घडवावें, या प्रश्नाचें उत्तर म्हणून मल्लखांब उभा राहिला, हें मर्म कथेनें नीट जपलें आहे. गुरु म्हणून मारुति यावा, हेंहि या भूमीस धरूनच आहे. नाशकाजवळच्या टाकळीस समर्थांनीं बारा वर्षें तप केलें व तेथें मारुति स्थापिला, अशी श्रद्धा आहे. आणि मारुतीवांचून तालीम महाराष्ट्रांत दाखवितां यावयाची नाहीं.

पेशवाई १८१८ त बुडाली, बाजीराव ब्रह्मावर्तास गेले, आणि त्यांच्यामागोमाग ही विद्याहि उत्तरेस गेली. बाळंभटांची परंपरा काशीस रुजली. कोंडभट गोडबोले, दामोदरगुरु मोघे हीं नांवें तींत आदरानें घेतलीं जातात. वेताचा टांगता मल्लखांबहि काशीच्या आखाड्यांतलाच म्हणतात. पुढें वेताच्या जागीं दोर आला, व त्यावर आज मुलीहि लीलेनें खेळतात. राज्य गेलें, पण शिष्य राहिले म्हणून खेळ राहिला. १९८१ त उज्जैनीस राष्ट्रीय व २०१९ त मुंबईस जागतिक स्पर्धा भरल्या. नाशकांतहि यशवंत व्यायामशाळेंत मुलें खांबाला भिडलेलीं दिसतात.

बडोद्याच्या व्यायामज्ञानकोशानें या विद्येचा बराचसा भाग अक्षरांत आणला. तरी तिचें खरें दप्तर अद्यापि वस्तादांच्या जिभेवर आहे. पकडींचीं नांवें हेंच येथें मूळ संहितेचें काम करतात. गांवोगांवच्या नांवांतील भेद हे पाठभेद होत. संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, पोथ्यांच्या रुमालांबरोबर तालमींच्या जुन्या वह्या, खुराकाचे हिशेब, गुरुशिष्यांच्या याद्या यांकडेहि पाहावें. पैलवानाच्या तुपाची नोंद असलेला कागद रद्दी म्हणून टाकूं नये. एखाद्या पेशवेकालीन हिशेबांत बाळंभटांच्या नांवें चार रुपये खर्ची पडलेले सांपडले, तर सप्तशृंगीच्या कथेस मिती मिळेल; आणि कथेस मिती मिळणें म्हणजेच तिचा इतिहास होणें.