डेटाबेसमध्ये तिथी कशी ठेवावी? हायबरनेटच्या 'यूजरटाइप'विषयी



आपल्या सभासद-यादीत इंग्रजी तारखेशेजारी तिथीचाही रकाना आहे. वाढदिवसापेक्षा तो श्राद्धासाठी जास्त लागतो. भारतात सकाळ असते तेव्हा अमेरिकेत आदल्या दिवसाची रात्र, त्यामुळे पुण्याच्या कॅलेंडरातली तारीख इथे चालेलच असे नाही. म्हणून तारीख न ठेवता तिथीच ठेवावी लागते. घरोघरी सॉफ्टवेअरवाले आहेत, तेव्हा हे कसे केले ते लिहून ठेवतो.

यादी जावामध्ये आहे आणि डेटाबेसशी बोलणी हायबरनेट करते. गॅव्हिन किंग यांनी 2001 मध्ये सुरू केलेले हे फ्रेमवर्क. आकडा, अक्षरे, तारीख त्याला ठाऊक असतात. 'भाद्रपद शुद्ध चतुर्थी' आपणच शिकवायची. त्यासाठी 'यूजरटाइप' हा इंटरफेस आहे.

आम्ही तिथीचा एक आकडा केला. आधी महिना (चैत्र 1), मग अधिक मासाला 0 व नेहमीच्या महिन्याला 1, शेवटी तिथी 01 ते 30. भाद्रपद शुद्ध चतुर्थी 6104, वद्य चतुर्थी 6119. अधिक श्रावण आपोआप निज श्रावणाच्या आधी येतो, हा फायदा.

'नलसेफगेट' रकान्यातला आकडा वाचून तिथी बनवते, 'नलसेफसेट' उलटे काम करते. पुष्कळांना तिथी माहीतच नसते, तेव्हा रिकाम्या रकान्याची सोय दोन्हीकडे हवी.

खरी गोम पुढे आहे. हायबरनेट नोंद वाचताना 'डीपकॉपी'ने एक प्रत बाजूला ठेवते आणि साठवताना 'ईक्वल्स'ने तिच्याशी ताडून पाहते. फरक दिसला तरच डेटाबेसमध्ये लिहिते. आमच्या तिथीत महिना, पक्ष मागाहून बदलता येत होते, आणि डीपकॉपी मात्र तीच वस्तू परत देत होती. म्हणजे वस्तूची तुलना स्वतःशीच! एका काकूंनी काकांची तिथी अष्टमी नसून नवमी असल्याचे कळवले. आम्ही दुरुस्त केली, पडद्यावर नवमी दिसली, कुठे चूक दाखवली गेली नाही, आणि पुढच्या वर्षी स्मरणपत्र पुन्हा अष्टमीचेच गेले. काकू काही बोलल्या नाहीत, पण आम्हाला फार लागले.

उपाय सोपा. तिथी एकदा बनली की बदलता येऊ नये. बदल हवा तर नवी बनवावी. मग 'इजम्यूटेबल'चे उत्तर 'नाही' द्यावे आणि डीपकॉपीने तीच वस्तू दिली तरी चालते. ईक्वल्स आणि 'हॅशकोड' मात्र नीट लिहावेत, नाहीतर काही न बदलताही नोंदी पुन्हा लिहिल्या जातात.

हायबरनेट 6 मध्ये (2022) या इंटरफेसची रचना बदलली: 'एसक्यूएलटाइप्स' जाऊन 'गेटएसक्यूएलटाइप' आले, आणि नलसेफगेटला रकान्यांच्या नावांऐवजी क्रमांक मिळतो. जुना कोड तसाच चालणार नाही. एकाच रकान्याचे काम असेल तर जेपीए 2.1 (2013) मधला 'अॅट्रिब्यूटकन्व्हर्टर' पुरतो, त्यात दोनच मेथड लिहायच्या. आज नव्याने लिहायचे तर आम्ही तोच घेऊ. रक्कम आणि चलन असे दोन रकाने असतील तर 'कॉम्पोझिट यूजरटाइप' पाहावा.

ज्यांनी पूर्वी तिथीची दुरुस्ती कळवली होती, त्यांनी कृपया यादीत आपली नोंद पुन्हा एकदा पाहून घ्यावी.