वृत्तविद्या आणि पटकथा : एका विद्यापीठीय विभाजनाचा इतिहास

पत्रकारिता आणि पटकथालेखन हे दोन लेखनव्यवहार विद्यापीठाच्या एकाच अभ्यासक्रमात असावेत की नसावेत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ शैक्षणिक सोयीचा वाटतो. प्रत्यक्षात तो घडलेले आणि घडवलेले यांच्यातील संबंधाचा, म्हणजेच साहित्यविचाराच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. लेखनाच्या व्यवहारात ही दोन क्षेत्रे आरंभापासून एकमेकांत मिसळलेली होती. विद्यापीठांनी मात्र त्यांना दीर्घकाळ वेगळे ठेवले आणि जेव्हा एकत्र आणले, तेव्हा ते बहुधा त्या संबंधाचा विचार न करताच आणले. हे असे का झाले, याचा मागोवा घेतला असता मराठी वाङ्मयव्यवहारातील काही महत्त्वाच्या संहितांकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते.

विद्यापीठीय वृत्तविद्येचा आरंभ अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात १९०८ साली झाला. जोसेफ पुलित्झर यांच्या वीस लाख डॉलरांच्या देणगीतून कोलंबिया विद्यापीठाची पत्रकारिता शाळा १९१२ साली उघडली. वकील आणि वैद्य यांच्याप्रमाणे पत्रकारालाही व्यवसायाची प्रतिष्ठा लाभावी, ही पुलित्झर यांची भूमिका होती. त्याच कोलंबियात १९१५ साली व्हिक्टर फ्रीबर्ग यांनी चित्रपटकथा-रचनेचा वर्ग सुरू केला आणि १९१७ पासून फ्रान्सिस टेलर पॅटर्सन यांनी तो पुढे चालविला. एकाच विद्यापीठात, तीन वर्षांच्या अंतराने, दोन्ही विषय आले. परंतु ते दोन वेगवेगळ्या दारांनी आले. वृत्तविद्या आली ती सार्वजनिक जबाबदारीचे शिक्षण म्हणून. पटकथा आली ती विस्तार विभागात, हौशी लेखकांना शिकवायची रचनाविद्या म्हणून. पहिलीच्या पाठीशी सत्याचा दावा होता, दुसरीच्या पाठीशी कौशल्याचा. पुढील काळातील सगळ्या विभाजनाचे बीज या आरंभीच्या भेदात दिसते.

या दोन दारांमधील भिंत मोडली ती विद्यापीठाबाहेर. शिकागोतील वार्ताहर बेन हेक्ट याने 'अंडरवर्ल्ड' (१९२७) या चित्रपटाची कथा लिहिली आणि १९२९ च्या पहिल्याच अकादमी पुरस्कार सोहळ्यात तिला पारितोषिक मिळाले. कोलंबियाचाच १९१७ चा पदवीधर हर्मन मॅन्किविझ पत्रकारितेतून हॉलिवूडला गेला आणि ऑर्सन वेल्सबरोबर 'सिटिझन केन' (१९४१) या चित्रपटाची पटकथा त्याने लिहिली. या पटकथेचा नायक वृत्तपत्राचा मालक आहे, एवढ्यापुरताच हा संबंध मर्यादित नाही. चित्रपटाच्या आरंभी केनचे चरित्र वृत्तपटाच्या रूपात समोर येते. ते अपुरे वाटल्यामुळे एक वार्ताहर मुलाखती घेत हिंडतो आणि प्रत्येक मुलाखतीतून केनची एक वेगळी प्रतिमा उभी राहते. म्हणजे बातमीची शोधपद्धती हीच येथे कथनाची रचना झाली आहे. अखेरीस वार्ताहराला हवे असलेले उत्तर मिळत नाही, प्रेक्षकाला मात्र मिळते. वृत्ताची मर्यादा आणि पटकथेची शक्यता यांचा असा भेद एकाच संहितेत मांडणारे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही.

भारतातही चित्र फारसे वेगळे नव्हते. ख्वाजा अहमद अब्बास १९३५ मध्ये 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये आले, चित्रपटपरीक्षणे लिहू लागले आणि 'नया संसार' (१९४१) या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटाची कथा त्यांनी लिहिली. तिचा विषय पत्रकाराचे जीवन हाच होता. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरील त्यांच्या इंग्रजी पुस्तकावरून व्ही. शांताराम यांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६) निर्माण झाला. या चित्रपटासाठी आणि पुढे 'आवारा' (१९५१) साठी अब्बास यांच्याबरोबर लेखन करणारे वसंत साठे होते. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळावरील 'धरती के लाल' (१९४६) हाही वृत्ताचा आणि नाट्याचा संगम होता.

मराठीत आचार्य अत्रे यांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. 'ब्रह्मचारी' (१९३८) आणि 'ब्रँडीची बाटली' (१९३९) लिहिणारे अत्रे १९४० मध्ये 'नवयुग' साप्ताहिक काढतात, १९५३ मध्ये 'श्यामची आई' पडद्यावर आणतात, तिला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळते आणि १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते 'मराठा' दैनिक सुरू करतात. अत्र्यांच्या समीक्षेत मात्र विनोदकार, नाटककार, पत्रकार आणि चित्रपटकार असे चार अत्रे वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्याची प्रथा पडली. अग्रलेखातील अतिशयोक्ती आणि पडद्यावरील प्रसंगयोजना यांच्या मुळाशी श्रोत्याला समोर धरून बोलणारी एकच वृत्ती आहे काय, हा प्रश्न त्यामुळे क्वचितच विचारला गेला.

असे असताना शिक्षणसंस्थांनी कोणता मार्ग धरला? पंजाब विद्यापीठाने लाहोर येथे १९४१ साली वृत्तविद्येचा विभाग काढला. तेव्हाच्या मध्य प्रदेशातील नागपूर येथे हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये अमेरिकन प्राध्यापक रोलंड वूल्सली यांच्या साहाय्याने हा विषय सुरू झाला. पुणे विद्यापीठाचा वृत्तविद्या विभाग १९६४ पासून रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत नांदू लागला. दुसऱ्या बाजूला, स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने १९५१ मध्ये चित्रपटशिक्षणाच्या संस्थेची शिफारस केली आणि तीनुसार १९६० साली पुण्यात प्रभातच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. पत्रकारितेसाठी न्या. राजाध्यक्ष यांचा वृत्तपत्र आयोग (१९५२–५४) वेगळा होता आणि दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था (१९६५) वेगळी. फिल्म इन्स्टिट्यूट आणि जनसंचार संस्था या दोन्ही एकाच माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या, पण त्यांचे प्रयोजन निराळे मानले गेले. पुण्यात तर रानडे इन्स्टिट्यूट आणि प्रभातचे आवार एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर. हे अंतर भौगोलिक नव्हते, ज्ञानशाखीय होते. एका ठिकाणी भाषा हे माहितीचे साधन मानले गेले, दुसऱ्या ठिकाणी पटकथा ही दिग्दर्शनाची पूर्वतयारी. दोन्हींकडे लेखन हे साध्य नव्हते. आणि मराठीच्या साहित्यविभागाने तर या दोन्ही लेखनप्रकारांना आपल्या अभ्यासाच्या कक्षेबाहेरच ठेवले.

या पार्श्वभूमीवर विजय तेंडुलकर आणि अरुण साधू यांचे लेखन पाहावे. तेंडुलकरांनी १९४२ च्या चळवळीच्या काळात शाळा सोडली. विद्यापीठाची पायरी ते विद्यार्थी म्हणून चढले नाहीत. त्यांचे शिक्षण 'मराठा', 'लोकसत्ता' अशा दैनिकांच्या कचेऱ्यांत झाले. 'सामना' (१९७५), 'मंथन' (१९७६), 'आक्रोश' (१९८०), 'अर्धसत्य' (१९८३) या पटकथांत संवादाइतकेच मौनाला महत्त्व आहे, पण त्यामागे सत्ताव्यवहाराचे जे तपशीलवार भान आहे ते वृत्तपत्रीय आहे. 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्या लिहिणारे साधू स्वतः वार्ताहर होते. या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन' (१९७९) चित्रपटाची पटकथा लिहिली. पत्रकाराच्या कादंबरीचे रूपांतर पत्रकारितेतून आलेल्या नाटककाराने करावे आणि चित्रपटाचा साक्षी दिगू टिपणीस हा पुन्हा पत्रकारच असावा, हा योगायोग नव्हे. दिगूला सगळे ठाऊक आहे. मंत्रालयाच्या खोल्यांत काय शिजते आहे ते तो पाहतो. जे ठाऊक आहे त्यातले बातमीत फारच थोडे मावते आणि उरलेल्याचा भार त्याला पेलत नाही. चित्रपटाच्या अखेरीस त्याचा तोल ढळतो. बातमीच्या चौकटीबाहेर उरलेल्या या अवशेषालाच पटकथेने आशय मानले आहे.

याउलट 'कमला'चा प्रश्न आहे. स्त्रियांची खरेदी-विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी 'इंडियन एक्स्प्रेस'च्या अश्विनी सरीन यांनी १९८१ मध्ये एका स्त्रीची खरेदी केली आणि ते वृत्त गाजले. या घटनेच्या आधारे तेंडुलकरांनी 'कमला' नाटक लिहिले व त्यावरून १९८४ मध्ये हिंदी चित्रपट आला. नाटकातील जयसिंग जाधव विकत घेतलेल्या कमलाला पत्रकार परिषदेत उभी करतो. तो खोटे बोलत नाही. प्रत्येक तपशील खरा आहे. पण त्याने पुरावा मिळवलेला नाही, प्रसंग रचला आहे. पात्र निवडले आहे, प्रवेश ठरविला आहे, प्रेक्षक जमविले आहेत. म्हणजे पत्रकार येथे नकळत पटकथाकार झाला आहे, मात्र पटकथाकाराला आपल्या पात्राविषयी जी जबाबदारी वाटावी लागते ती त्याच्या ठायी नाही. कमलाला आपल्यावर काय लिहिले जाते आहे हे कळत नाही आणि जयसिंगची पत्नी सरिता हिला मात्र आपणही याच घरात विकत आणलेल्या आहोत हे कळून चुकते. वृत्तविद्येच्या कोणत्याही नीतिसंहितेपेक्षा हे नाटक या प्रश्नाच्या अधिक खोल जाते.

पुढे विद्यापीठांनी हे दोन विषय एकत्र आणले. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात १९८२ साली जनसंज्ञापन संशोधन केंद्र स्थापन झाले. मुंबई विद्यापीठाने २००० साली 'मास मीडिया'ची स्वतंत्र पदवी सुरू केली. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये काही वर्षे विभागप्रमुख असलेले साधू 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' (२०००) या चित्रपटाच्या लेखनातही सहभागी होते. परंतु अभ्यासक्रमांना जोडणारे सूत्र बहुधा 'माध्यम' हे होते, 'संहिता' हे नव्हते. बातमी, जाहिरात, माहितीपट आणि पटकथा या सगळ्यांना 'आशयनिर्मिती'च्या एकाच पातळीवर आणले की त्यांच्यातील भेदच पुसला जातो. भेद पुसून साधलेले ऐक्य हे पूर्वीच्या विभाजनापेक्षा अधिक धोक्याचे असते, कारण विभाजनात निदान सत्याचा आणि कल्पिताचा दावा वेगळा असल्याची जाणीव शिल्लक होती. वृत्तवाहिन्यांवर बातमीला पार्श्वसंगीत, पुनर्नाट्य आणि खलनायक लाभू लागले, तेव्हा जयसिंग जाधव ही अपवादात्मक व्यक्ती उरली नाही.

म्हणून या दोन विषयांच्या एकत्र अध्ययनाचा खरा आधार कौशल्य नसून तुलना हा असावयास हवा. एकाच घटनेची बातमी, तिच्यावरील नाटक आणि त्यावरून झालेला चित्रपट ही तीन रूपे एकाच मेजावर ठेवून वाचली गेली, तर काय गाळले, काय रचले आणि कोणाच्या वतीने रचले हे प्रश्न आपोआप पुढे येतात. हे वाचन शिकविण्याची साधने साहित्यसमीक्षेजवळ आहेत : निवेदक, दृष्टिकोन, कालक्रम आणि मौन यांची मीमांसा ती पिढ्यानुपिढ्या करीत आली आहे. अत्रे, तेंडुलकर, साधू यांनी विद्यापीठाबाहेर जे जोडले, त्याचे तत्त्व शोधण्याचे काम साहित्यविभागांचे होते. ते त्यांनी माध्यमविभागांवर सोपवले, आणि माध्यमविभागांनी ते तंत्रावर सोपवले.