डेस्कटॉपची रंगयोजना

डेस्कटॉपची रंगयोजना म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील पार्श्वभूमी, विंडोंच्या चौकटी, शीर्षकपट्ट्या, मेनू, बटणे आणि मजकूर यांना नेमून दिलेल्या रंगांचा संच होय. वापरकर्त्याला हे रंग आपल्या गरजेनुसार बदलता येतात. ही सोय वरकरणी सजावटीची वाटत असली, तरी क्षीण दृष्टी असलेल्या व्यक्तींसाठी ती वाचनाचे साधन ठरते. वॉलपेपर बदलणे ही याहून वेगळी क्रिया आहे. तिच्यामुळे मजकुराच्या रंगात सहसा फरक पडत नाही.

कार्यपद्धती

पडद्यावरील प्रत्येक छटा लाल, हिरवा व निळा या तीन रंगांच्या मिश्रणातून तयार होते. प्रत्येक रंगाला ० ते २५५ यांपैकी एक मूल्य दिले जाते. त्यामुळे एकूण १,६७,७७,२१६ छटा शक्य होतात. तिन्ही मूल्ये ० असल्यास काळा, तर तिन्ही २५५ असल्यास पांढरा रंग दिसतो. रंगयोजनेत पडद्यावरील प्रत्येक भागाच्या नावापुढे अशी तीन मूल्ये नोंदलेली असतात.

एखादा प्रोग्राम आपली विंडो रेखाटताना हे रंग कार्यप्रणालीकडे मागतो. त्यामुळे एका ठिकाणी केलेला बदल सर्वत्र लागू होतो. मात्र प्रोग्रामने पार्श्वभूमीचा रंग कार्यप्रणालीकडून घेतला आणि अक्षरांचा काळा रंग स्वतःच ठरवून टाकला, तर गडद रंगयोजनेत काळ्यावर काळी अक्षरे उमटतात व मजकूर दिसेनासा होतो. हा दोष टाळण्यासाठी दोन्ही रंग एकाच ठिकाणाहून घेणे आवश्यक असते.

इतिहास

१९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉश संगणकाचा पडदा कृष्णधवल होता, त्यामुळे रंगनिवडीचा प्रश्नच नव्हता. १९८५ मधील विंडोज १.० मध्ये नियंत्रण पटलातून पडद्याचे रंग बदलता येत असत. विंडोज ३.१ (१९९२) मध्ये अनेक तयार रंगयोजना होत्या. त्यांपैकी भडक लाल व पिवळ्या रंगांची 'हॉट डॉग स्टँड' ही योजना तिच्या विचित्रपणामुळे प्रसिद्ध झाली.

विंडोज ९५ मध्ये शीर्षकपट्टी, मेनू, निवडलेला मजकूर इत्यादी भागांचे रंग स्वतंत्रपणे ठरवता येत. विंडोज एक्सपीने (२००१) निळे, ऑलिव्ह हिरवे व रुपेरी असे तीन तयार पर्याय दिले. मात्र जुने 'क्लासिक' रूप निवडल्यास प्रत्येक भागाचा रंग बदलण्याची मुभा कायम होती. विंडोज ७ पर्यंत टिकलेली ही मुभा विंडोज ८ मध्ये (२०१२) सर्वसाधारण मांडणीतून काढून टाकण्यात आली. तेव्हापासून विंडोजमध्ये निवड मुख्यतः एक ठळक रंग आणि पुढे त्याच्या जोडीला आलेले उजळ किंवा गडद रूप एवढ्यापुरती मर्यादित झाली आहे. मॅकओएसमध्ये २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून गडद रूप उपलब्ध झाले. लिनक्सवरील केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपमध्ये मात्र आजही संपूर्ण रंगयोजना तयार करता येते.

वाचनसुलभता

मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक गुणोत्तराने मोजतात. काळ्या व पांढऱ्या रंगांतील गुणोत्तर २१:१, म्हणजे सर्वाधिक असते. वेबविषयक सुलभता मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५:१, तर मोठ्या अक्षरांसाठी किमान ३:१ गुणोत्तर अपेक्षित आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिन्ही मूल्ये ११८ असलेली करडी छटा ही ४.५:१ ची मर्यादा जेमतेम गाठते. त्याहून फिकट करडी अक्षरे ती गाठू शकत नाहीत. फरक कमी झाला की अक्षरांचे बारीक तपशील आधी हरवतात. देवनागरीत अनुस्वार, रफार व पायमोडके अक्षर यांवर अर्थ अवलंबून असल्याने ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' विभागात 'कॉन्ट्रास्ट थीम्स' हा पर्याय आहे. डावी आल्ट, डावी शिफ्ट व प्रिंट स्क्रीन या कळा एकत्र दाबूनही तो सुरू करता येतो. यात मजकूर, दुवे, निष्क्रिय मजकूर, निवडलेला मजकूर, बटणे व पार्श्वभूमी यांचे रंग स्वतंत्रपणे ठरवता येतात. सर्वसाधारण मांडणीतून गेलेली जुनी मुभा अशा रीतीने सुलभतेच्या विभागात शिल्लक राहिली आहे.

गडद रूपाचे गुणदोष

मोतीबिंदूसारख्या विकारात डोळ्यात शिरणारा प्रकाश विखुरतो व पांढरा पडदा डोळे दिपवतो. अशा व्यक्तींना काळ्यावर पांढरी अक्षरे बहुधा सोयीची वाटतात. उलट, दृष्टिवैषम्य असलेल्या काहींना तीच अक्षरे पसरट दिसतात. उजेडाच्या खोलीत निकोप दृष्टीच्या वाचकांना पांढऱ्यावर काळी अक्षरे सामान्यतः अधिक सुवाच्य असतात. गडद रूपामुळे होणारी विजेची बचतही पडद्याच्या प्रकारावर अवलंबून असते. ओएलईडी पडद्यात काळे बिंदू प्रकाशतच नाहीत. सामान्य एलसीडी पडद्यात मात्र मागील दिवा सुरूच राहतो, त्यामुळे फारशी बचत होत नाही. म्हणूनच कोणतीही एक रंगयोजना सर्वांसाठी योग्य ठरत नाही आणि बदलाची सोय उपलब्ध असणे महत्त्वाचे मानले जाते.