मात्रा : औषधाची आणि प्रमाणाची

‘वैद्यबुवांनी मात्रा दिली’ असे आपण म्हणतो, तेव्हा मात्रा म्हणजे औषध. ‘मात्रा किती घ्यायची?’ असे विचारतो, तेव्हा मात्रा म्हणजे प्रमाण. पारा, गंधक, धातूंची भस्मे आणि वनस्पती यांच्यापासून केलेल्या औषधांना मराठीने प्रमाणाचेच नाव द्यावे, यात मोठा अर्थ आहे. ही औषधे मोजूनच द्यायची असतात, ही जाणीव त्या शब्दातच रुजलेली होती.

हेमगर्भाची मात्रा हे याचे उत्तम उदाहरण. सोने, पारा, गंधक, तांबे अशी द्रव्ये खलून त्यांची पोटली रेशमी वस्त्रात बांधायची आणि वितळलेल्या गंधकात शिजवायची, अशी तिची कृती. तयार झालेली मात्रा दगडासारखी कठीण. ती गिळायची नसते. सहाणेवर आल्याच्या रसात किंवा मधात उगाळून चाटवायची असते, आणि तीही वळसे मोजून. माणूस शेवटच्या घटकेला टेकला म्हणजे दोन शब्द बोलता यावेत म्हणून हेमगर्भ चाटवण्याची रीत आपल्याकडे घरोघर ठाऊक होती. येथे वळसा हेच वजन होते आणि उगाळणारा हात हाच तराजू.

या औषधांचे शास्त्र म्हणजे रसशास्त्र. ‘रस’ म्हणजे येथे पारा. तेराव्या शतकाच्या सुमाराचा ‘रसरत्नसमुच्चय’ हा त्यातला प्रमुख ग्रंथ. आज घरोघरी आढळणारी आरोग्यवर्धिनी त्यातलीच. पारा-गंधकाची कज्जली, लोह, अभ्रक व ताम्र यांची भस्मे, त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ, चित्रक आणि इतर सर्वांच्या बरोबरीने कुटकी, वर कडुलिंबाच्या पानांच्या रसाची भावना, असा तो योग आहे. रसौषधी थोडी लागते, तोंडाला अरुची आणत नाही आणि लवकर गुण देते, असे ग्रंथकारांचे म्हणणे. म्हणूनच काढ्याला कंटाळलेल्या रोग्याला ती प्रिय झाली.

पण ग्रंथकार भाबडे नव्हते. पाऱ्याचे दोष त्यांनी नावानिशी सांगितले आहेत. त्यांत ‘नाग’ म्हणजे शिसे हाही एक. म्हणून आधी शोधन, मग मारण. भस्म झाले की परीक्षा : बोटांच्या रेषांत भरले पाहिजे, पाण्यावर तरंगले पाहिजे, त्यात धातूची चमक उरता कामा नये. या परीक्षा भस्म किती बारीक व पक्व झाले ते सांगतात. मात्र त्यातली धातू नाहीशी झाली, असा त्यांचा अर्थ नव्हे. पारा व गंधक यांचा संयोग पाऱ्याच्या इतर क्षारांइतका अंगात शोषला जात नाही हे खरे. पण मुळीच शोषला जात नाही असेही नाही. शिशाचे तर शरीरात काहीच काम नाही. ते हाडांत साठत जाते.

पूर्वीचा वैद्य औषध पुडीत देई. तीन दिवसांच्या पुड्या, सोबत अनुपान आणि पथ्य. मग पुन्हा येऊन नाडी दाखवायची. औषध कधी थांबवायचे हे पुडी संपण्यातच ठरलेले असे. १८७२ साली पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वरचा कारखाना सुरू केला आणि खलबत्त्यातले औषध हळूहळू बाटलीत आले. याने मोठा लाभ झाला. औषध दूरच्या गावी पोचले, त्यात सारखेपणा आला. वैद्याच्या घरच्या भट्टीवर कोणाची नजर नव्हती. कारखान्यावर ठेवता आली. परंतु बाटलीबरोबर अनुपान, पथ्य आणि ‘आता पुरे’ हा शब्द आला नाही.

ती उणीव कायद्याने भरून काढायचे ठरवले. १९४० चा औषधविषयक कायदा १९६४ साली आयुर्वेदिक औषधांना लागू झाला. बचनाग, धोत्रा, कुचला, पारा, हिंगूळ, हरताळ, मनशीळ अशा विषारी द्रव्यांची यादी नियमांत आहे. यांपैकी काही असलेल्या पोटात घेण्याच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा छापणे बंधनकारक असते. तो इंग्रजीत व हिंदीत असावा, असे नियम सांगतो. बेळगाव, निपाणी, खानापूर, डिचोली येथल्या मराठी, कानडी किंवा कोंकणी आजीबाईला तो आपल्या भाषेत वाचायला मिळेलच, असे नाही.

आणि वाचण्याची गरज आहे. सर्दी-तापाला सर्रास घेतली जाणारी त्रिभुवनकीर्ती घ्या. ‘योगरत्नाकर’ हा तिचा आधारग्रंथ. तिच्यात हिंगूळ आहे आणि बचनागही आहे. बचनागाचे शोधन नीट झाले नाही किंवा प्रमाण चुकले, तर हृदयाची लय बिघडते. २००४ साली अमेरिकेत बोस्टनच्या परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल यांपैकी काही आढळल्याचे प्रसिद्ध झाले. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतातून आलेली अशी औषधे घेणाऱ्या सहा गरोदर स्त्रियांना शिशाची बाधा झाल्याची नोंद आहे.

एवढ्यावरून साऱ्या रसशास्त्राला विष ठरवणे अन्यायाचे होईल. आयुर्वेद म्हणून बाधणारच नाही असे मानणे हे त्याहून घातक, आणि ग्रंथांनाही ते मान्य नाही. भस्म वा रस असलेली गोळी घेण्यापूर्वी शिकलेल्या वैद्याला तीन गोष्टी विचाराव्यात : किती, कशाबरोबर, आणि किती दिवस. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने, लहान मुलांना देताना आईबापांनी, तसेच मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी आपल्या मनाने अशी गोळी घेऊ-देऊ नये. डॉक्टरांकडे गेल्यावर चालू असलेल्या गोळीचे नाव लपवू नये. शेजाऱ्याला लागू पडलेली मात्रा आपल्यालाही लागू पडेल, असे समजू नये. बाटलीवर नाव, घटक आणि परवाना क्रमांक नसेल तर ती दुकानातच ठेवावी.

पुढच्या पिढीला सहाण ठाऊक नसेल, गुंजेचे वजनही ठाऊक नसेल. पण मात्रा या शब्दाचा दुसरा अर्थ तिच्या ध्यानात राहिला, तरी पुष्कळ झाले.