आंतरजालीय अध्ययनसाधने : गणित, भौतिकी व अभियांत्रिकी

गणित, भौतिकी आणि अभियांत्रिकी या विषयांच्या स्वाध्यायासाठी व अध्यापनासाठी आंतरजालावर उपलब्ध करून दिलेल्या व्याख्यानफिती, टिपणे, सदृशीकरणे, आपोआप तपासले जाणारे स्वाध्याय आणि दुरून चालवता येणाऱ्या प्रयोगशाळा यांना मिळून ही संज्ञा वापरतात. इतिहासाची किंवा साहित्याची अशी सामग्री सिद्ध करताना मुख्य काम लेखन-संपादनाचे असते. या तीन विषयांत मात्र सूत्र पडद्यावर कसे उमटावे, आकृती वाचकाच्या हाताने कशी हलावी आणि विद्यार्थ्याने लिहिलेले बैजिक उत्तर यंत्राने कसे ओळखावे, हे प्रश्न आधी सोडवावे लागतात. त्यामुळे या साधनांचा इतिहास बऱ्याच अंशी या तीन प्रश्नांच्या उत्तरांचाच इतिहास झाला आहे.

सूत्रलेखनाचा प्रश्न आंतरजालाहून जुना आहे. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना 1977 मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नव्या पद्धतीने जुळवलेली मुद्रिते इतकी सदोष वाटली, की त्यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणीची संगणकीय प्रणाली स्वतःच रचली. अपूर्णांक, वर्गमूळ, संकलनचिन्ह यांसाठी साध्या अक्षरांत आज्ञा लिहायच्या आणि त्यांची मांडणी प्रणालीवर सोपवायची, हे तिचे तत्त्व होय. तिच्यावर आधारलेली लेस्ली लँपोर्ट यांची ‘लाटेक’ ही प्रणाली 1980 च्या दशकात आली आणि गणितज्ञांची जणू लेखनभाषाच झाली. पुढे आंतरजाल आले तेव्हा त्याच्या पानांच्या मूळ भाषेत सूत्रांची सोयच नव्हती. सूत्राचे चित्र करून ते मजकुरात चिकटवण्याची रीत पडली खरी, पण ते चित्र मोठे केले की फाटत असे, त्यातील मजकूर शोधता येत नसे आणि अंध विद्यार्थ्यासाठी पान वाचून दाखवणारी आज्ञावली त्यापाशी येऊन मुकी होत असे. यावर उपाय म्हणून एप्रिल 1998 मध्ये ‘मॅथएमएल’ ही अंकनभाषा आंतरजालाची शिफारस केलेली पद्धत ठरली. सूत्र कसे दिसावे आणि त्याचा अर्थ काय, हे दोन्ही वेगवेगळे नोंदवण्याची तरतूद तिच्यात आहे. तथापि न्याहाळक बनवणाऱ्यांनी तिच्याकडे दीर्घकाळ काणाडोळा केला. क्रोममध्ये तिला टिकाऊ आधार मिळाला तो 2023 मध्ये. मधली पोकळी 2010 मध्ये आलेल्या ‘मॅथजॅक्स’ने आणि खान अकादमीत तयार होऊन 2014 मध्ये खुल्या झालेल्या ‘केटेक’ने भरून काढली. लेखकाने टेकच्या आज्ञा लिहायच्या आणि वाचकाच्या न्याहाळकाने त्याच क्षणी त्यांचे सूत्र जुळवायचे, अशी ही योजना आहे. मॅथएमएल हाताने लिहिणारा माणूस विरळाच, कारण ‘क्ष वर्ग’ एवढ्यासाठीसुद्धा तिच्यात अर्धा डझन खुणा घालाव्या लागतात.

व्याख्यानांच्या बाबतीत मॅसॅचुसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने 2001 मध्ये आपली पाठ्यसामग्री विनामूल्य खुली करण्याची केलेली घोषणा महत्त्वाची मानली जाते. भारतात सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 2003 मध्ये ‘एनपीटीईएल’ हा उपक्रम सुरू केला. एका सत्राच्या विषयासाठी सुमारे 40 तासभराची व्याख्याने हा त्याचा मूळ साचा होता. आठवड्याचे स्वाध्याय आणि शेवटी केंद्रावर जाऊन द्यावयाची परीक्षा यांची जोड त्याला नंतर मिळाली. व्याख्यानफीत किती लांब असावी, यावर बरीच चर्चा झालेली आहे. एडेक्स या व्यासपीठावरील सुमारे 69 लाख पाहणीसत्रांच्या 2014 मधील अभ्यासात सहा मिनिटांहून छोट्या फिती सर्वाधिक टिकून पाहिल्या जातात, आणि तयार सरकचित्रांपेक्षा हाताने लिहीत जाणारा शिक्षक प्रेक्षकाला अधिक धरून ठेवतो, असे आढळले. यांपैकी पहिला निष्कर्ष जपून वापरावा लागतो, कारण त्यात मोजली गेली ती पाहण्यातील चिकाटी, आकलन नव्हे. मॅक्सवेलच्या समीकरणांपासून तरंगसमीकरणापर्यंतची सिद्धता सहा-सहा मिनिटांत तोडली तर मध्ये गृहीतक कोणते धरले होते, हेच विद्यार्थी विसरण्याचा संभव असतो.

एखाद्या भौतिक घटनेचे गणितीय प्रतिमान संगणकावर चालवून तिच्यातील राशी वाचकाला बदलू देणे म्हणजे सदृशीकरण. 2001 च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी कार्ल वायमन यांनी 2002 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात आरंभलेला ‘फेट’ हा प्रकल्प या क्षेत्रात अग्रगण्य आहे. त्यातील विद्युत्मंडलाच्या संचात तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन डोळ्यांना दिसतात, जे खऱ्या तारेत कधीच दिसत नाहीत. आणि प्रास्ताविक भौतिकीच्या एका वर्गात खऱ्या दिव्या-तारांऐवजी हा संच वापरलेले विद्यार्थी पुढे खरे मंडल जोडण्यातही सरस ठरल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. अशा साधनांचे आयुष्य मात्र त्यांच्या तंत्राशी बांधलेले असते. क्रोमने 2015 मध्ये जावाची उपकरणिका चालवणे बंद केले, 2020 च्या अखेरीस फ्लॅशचा आधार संपला आणि जगभरच्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे घडवलेली असंख्य सदृशीकरणे एकाएकी निरुपयोगी झाली. फेटसारख्या ज्या प्रकल्पांपाशी मूळ आज्ञावली आणि ती पुन्हा लिहिणारी माणसे होती, त्यांनाच आपली साधने नव्या तंत्रात आणता आली.

स्वाध्यायांच्या तपासणीचा भाग बाहेरून गौण वाटला तरी आतून सर्वांत कठीण आहे. बहुपर्यायी प्रश्नात विद्यार्थी उत्तर काढण्याऐवजी पर्याय ताडून पाहतो. उदाहरणार्थ, संकलनाच्या प्रश्नात दिलेल्या पर्यायांचे अवकलन करून योग्य पर्याय सहज सापडतो. म्हणून रॉचेस्टर विद्यापीठात 1990 च्या दशकाच्या मध्यास तयार झालेल्या ‘वेबवर्क’ने प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळ्या संख्यांचा प्रश्न देण्याची आणि उत्तर सूत्ररूपात स्वीकारण्याची पद्धत रूढ केली. ख्रिस सँगविन यांनी इंग्लंडमध्ये विकसित केलेली ‘स्टॅक’ ही प्रणाली ‘मॅक्सिमा’ या बीजगणिती आज्ञावलीकडून उत्तर पडताळून घेते. शिक्षकाच्या उत्तरातून विद्यार्थ्याचे उत्तर वजा केल्यावर शून्य उरले, तर दोन्ही सममूल्य आहेत असे ती ठरवते. पण अवयव पाडायला सांगितले असता विद्यार्थ्याने दिलेली राशी जशीच्या तशी पुन्हा लिहिली, तर तेही उत्तर सममूल्यच ठरेल. म्हणून मूल्याबरोबर रूपही तपासावे लागते. संकलनाचा स्थिरांक विसरला, चिन्ह चुकले, अशा नेहमीच्या चुकांसाठी वेगवेगळा अभिप्राय आधीच लिहून ठेवावा लागतो. असा एक चांगला प्रश्न रचायला कित्येकदा अख्ख्या व्याख्यानाइतका वेळ जातो.

अभियांत्रिकीच्या प्रात्यक्षिकांसाठी भारतात आयआयटी दिल्लीच्या समन्वयाने ‘व्हर्च्युअल लॅब्स’ प्रकल्प उभा राहिला; पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालयही त्यात सहभागी आहे. आयआयटी मुंबईतील कन्नन मौदगल्य यांनी सुरू केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प सायलॅब, लाटेक यांसारख्या मुक्त आज्ञावली सुमारे दहा मिनिटांच्या पाठांतून शिकवतो. या पाठांची संहिता ध्वनिमुद्रणापूर्वी विषय न जाणणाऱ्या नवशिक्याकडून करवून पाहिली जाते, आणि तो अडला तर संहिता बदलते. पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत, परंतु निवेदन तेवढे भाषांतरित होते. पडद्यावरची आज्ञावली इंग्रजीतच ठेवली जाते, कारण नोकरीत विद्यार्थ्यापुढे तोच पडदा असतो. त्यामुळे मराठी निवेदक ‘चल’ न म्हणता बहुधा ‘व्हेरिएबल’ म्हणतो. फेटची सदृशीकरणेही मराठीत आली आहेत, आणि त्यांतील शब्द आज्ञावलीपासून वेगळे ठेवलेले असल्याने प्रोग्रॅमिंग न येणारा शिक्षकही ती भाषांतरित करू शकतो. तेथे शब्दांची निवड वर्गाप्रमाणे बदलते : मराठी माध्यमाच्या शाळकरी मुलाला ‘त्वरण’ आणि ‘संवेग’ पाठ्यपुस्तकामुळे ओळखीचे असतात, तर अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षापासून तोच विद्यार्थी ‘ॲक्सिलरेशन’ आणि ‘मोमेंटम’ म्हणू लागतो.