देवळालीचा टप्पा: पत्र, पडदा आणि पाळत

नाशिकरोडहून लॅम रोडने देवळाली कॅम्पकडे निघालं की हळूहळू झाडं दाट होतात आणि लष्कराच्या भिंती सुरू होतात. भिंतींवर ठरावीक अंतराने पाट्या असतात: प्रवेश निषिद्ध, छायाचित्रणास मनाई. पाटीखाली रिक्षाची वाट बघणाऱ्या प्रत्येक माणसाच्या हातात आज कॅमेरा असतो. कॅमेरा ही घरून मुद्दाम काढून आणायची वस्तू होती, त्या काळातली ही पाटी आहे.

हे गाव माहितीच्या येण्याजाण्याशी फार पूर्वीपासून बांधलेलं आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी इथे छावणी वसवली. मुंबई बंदरात उतरणाऱ्या आणि तिथून मायदेशी जाणाऱ्या गोऱ्या फौजांचा हा टप्पा होता. नोकरीची मुदत संपलेले सोजीर इथे जहाजाची वाट बघत पडून राहायचे. फौजा नेणारी जहाजं थंडीच्या महिन्यांतच सुटत, म्हणून कुणाकुणाला महिनोन् महिने थांबावं लागे. काम नाही, वर ऊन, हिवताप, दारू. माणसं भ्रमिष्टासारखी वागू लागत. त्या अवस्थेला त्यांनी ‘डूलाली टॅप’ म्हटलं. डूलाली म्हणजे आपली देवळाली आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप. आजही इंग्रजीत डोकं फिरलेल्याला ‘डूलाली’ म्हणतात. आपल्या जिल्ह्याने इंग्रजी कोशाला दिलेली ही देणगी!

छावणीतल्या माणसाचा घराशी धागा एकच, तो म्हणजे पत्र. आणि सैनिकाचं पत्र कधीच फक्त त्याचं नसतं.

पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४ मध्ये, हिंदी सैन्य फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरलं. थोड्याच दिवसांत या सैनिकांची टपाल तपासण्यासाठी एक खास कचेरी उभी राहिली. तिचा मुख्य अधिकारी होता हॉवेल, हिंदुस्थानात काम केलेला आणि इथल्या भाषा जाणणारा माणूस. उर्दू, गुरुमुखी, हिंदी अशा भाषा-लिप्यांतली पत्रं त्याच्या टेबलावर येत. सगळी वाचणं शक्य नव्हतं, म्हणून निवडून वाचत, उतारे इंग्रजीत करून घेत आणि नियमित अहवाल वर पाठवत. सैनिकांना हे कळायला वेळ लागला नाही. मग त्यांनी पत्र एकाच वेळी दोन वाचकांसाठी लिहायला सुरुवात केली, एक घरचा आणि एक साहेबाचा. हिंदी सैनिकांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणायचं हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रकार. काळी मिरी संपत आली आहे, आता लाल वापरायला काढली आहे, अशा अर्थाचा मजकूर घरी जायचा. वरवर बघता वाणसामानाची यादी, आत मेलेल्यांचा हिशेब.

हॉवेलच्या कचेरीने ही मिरी लवकरच ओळखली. तरी मला या युक्तीचं कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणासाठी. आडपडदा कुणापासून धरायचा आहे हे त्या सैनिकाला नेमकं ठाऊक होतं. घरच्याला समजावं आणि परक्याला समजू नये, एवढंच त्याला हवं होतं. अर्थात घरच्या टोकाला गुप्तता कसली? सैनिक लिहू न शकणारा, आईबाप वाचू न शकणारे. तिथे एक मुन्शी लिहिणार, इथे कुणीतरी वाचून दाखवणार आणि अर्धा मोहल्ला ऐकणार. पण ते ऐकणारे आपले होते. त्यांच्यापासून लपवायचं नव्हतंच.

एक गोष्ट मात्र मनाला टोचते. गावोगाव पोहोचलेली ती मूळ पत्रं बहुतेक नाहीशी झाली. उरले ते पाळत ठेवणाऱ्याने उतरवून घेतलेले उतारे, आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. आमच्या पणजोबांच्या पिढीचं मन वाचायचं तर चोरून वाचणाऱ्याच्याच वहीतून वाचावं लागतं. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याचे आभार मानावेत की त्याला शिव्या द्याव्यात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सरकारला टपाल उघडण्याची मुभा युद्धापुरती नव्हती. १८८५ च्या तार कायद्याचं कलम ५ आणि १८९८ च्या टपाल कायद्याचं कलम २६, दोन्ही इंग्रजांची. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही कारणं देऊन संदेश अडवता येई. स्वराज्य आलं तरी कलमं जागेवरच राहिली. १९८६ मध्ये संसदेने टपाल अडवण्याचे अधिकार आणखी वाढवणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही म्हणून ते राहिलं. टपाल कायदा अखेर २०२३ मध्ये बदलला, पण अडवण्याचा अधिकार नव्या कायद्यातही आहे.

दरम्यान आपण पत्रावरून फोनवर आलो. एसटीडी बूथची काच लावून घ्यायची आणि तरी ओरडून बोलायचं, रांगेतल्या सगळ्यांना घरची भांडणं कळायची, हे आठवत असेल. फोन चोरून ऐकण्याला सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये काही नियम घालून दिले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं नऊ न्यायाधीशांनी एकमताने म्हणायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला.

त्याच २०१७ मध्ये देवळाली कॅम्पात जे घडलं त्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

त्या वर्षी लष्करातल्या सहायक पद्धतीवर बरीच चर्चा चालू होती. जवानांनी अधिकाऱ्यांच्या घरची कामं करायची, कुत्री फिरवायची, मुलांना शाळेत पोहोचवायचं, हे योग्य का, हा प्रश्न होता आणि तो खरा प्रश्न होता. फेब्रुवारीच्या अखेरीस एका वृत्तसंकेतस्थळाने देवळालीत छुप्या कॅमेऱ्याने केलेलं चित्रीकरण प्रसिद्ध केलं. त्यात बोलणाऱ्या जवानांचे चेहरे धूसर केले होते. २ मार्च रोजी त्यांच्यापैकी एक, केरळचा जवान, कॅम्पातल्या एका वापरात नसलेल्या बराकीत मृतावस्थेत सापडला. त्याला न कळवता चित्रीकरण झालं आणि त्यातून पुढचं घडलं असावं, असं लष्कराने म्हटलं. पत्रकार महिलेवर देवळाली कॅम्प पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, त्यात सरकारी गोपनीयता कायद्याची कलमंही होती. मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा २०१९ च्या एप्रिलमध्ये रद्द केला. न्यायालयाचा निर्णय मला योग्य वाटतो. पद्धतीवर बोट ठेवणाऱ्या बातमीला हेरगिरी ठरवलं तर कुठलीच छावणी कधी सुधारणार नाही.

तरीही त्या धूसर चेहऱ्यापाशी मी अडकतो. चेहरा पुसला की तुम्ही-आम्ही त्या माणसाला ओळखत नाही. पण आपल्याकडून त्याला धोका नव्हताच. त्याला भीती असणार ती रोज त्याच्याबरोबर कवायत करणाऱ्यांची, त्याचा आवाज, बोलण्याची ढब, खांदे, मागची भिंत ओळखणाऱ्यांची. मिरीची युक्ती परक्याला बाहेर ठेवत होती, आपल्यांना आत घेत होती. इथे नेमकं उलटं: परक्यासाठी पडदा आणि ज्यांच्यापासून लपायचं त्यांच्यासाठी काच. हा पडदाही त्याने स्वतः निवडलेला नव्हता.

त्याच वर्षीच्या जानेवारीत सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने निकृष्ट जेवणाचे व्हिडिओ स्वतः फेसबुकवर टाकले होते, उघड्या चेहऱ्याने. पुढे त्याची नोकरी गेली. पण बोलायचं की नाही, किती आणि कुणासमोर, हे त्याने ठरवलं होतं.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये संशय आणि चहाडीबरोबर तजस्सुसही मना केला आहे, म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टी हुडकत फिरणं. गंमत अशी की उर्दूत तजस्सुस म्हणजे नुसतं कुतूहल, चांगल्या अर्थानेही वापरतात. शब्द एवढा सौम्य झाला की मनाई विसरायला झाली. सूरह नूरमध्ये तर दुसऱ्याच्या घरात परवानगी घेऊन, सलाम करूनच शिरा आणि ‘परत जा’ म्हटलं तर परत फिरा, असं सांगितलं आहे. जुम्म्याच्या बयानात हे ऐकून बाहेर पडणारी आमची मंडळी दारातच एकमेकांना कुणाच्या तरी खासगी चॅटचे स्क्रीनशॉट दाखवतात. बैठकीतलं बोलणं अमानत असतं, ही शिकवण मोबाइलच्या बैठकीला लागू नाही असं कुणी ठरवलं?

पालघरचं प्रकरण आमच्या घरांतून अजून विसरलेलं नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिणारी मुलगी आणि त्या ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. ज्या ६६-अ कलमाचा तिथे वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. मैत्रिणींसाठी लिहिलेलं गावभर कसं पोहोचतं, हे तेव्हा अनेक आईबापांना पहिल्यांदा कळलं, आणि पुष्कळांनी त्याचा उपाय म्हणून मुलींचे फोनच काढून घेतले. खातं फक्त ओळखीच्यांना दिसेल असं कसं करायचं, हे दाखवायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं फार थोड्या घरांनी काढली.

आता तर लिहायचीही गरज राहिलेली नाही. फोटोबरोबर तो कुठे काढला तो ठिकाणाचा आकडा फाइलमध्ये गुपचूप साठतो, ठिकाणाची परवानगी बंद केली नसेल तर. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हा नावाच्या व्यायामाच्या ॲपचा जागतिक नकाशा गाजला. सैनिक सकाळी धावले, मनगटावरच्या घड्याळांनी त्या वाटा नोंदवल्या आणि वाळवंटात, जिथे बाकी सगळा अंधार होता, तिथे लष्करी तळांचे आकार उजळून दिसले. एकही छायाचित्र काढलं गेलं नव्हतं. जुलै २०२० मध्ये आपल्या लष्करानेही जवानांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप्स फोनमधून काढून टाकायला सांगितली.

लॅम रोडच्या भिंतीवरची पाटी मात्र अजून छायाचित्रणाबद्दलच बोलते.